विकाऊ इमारत आणि तिच्या मागचा प्रदेश

व्यापारी मालमत्तेच्या विक्रीची माहितीपत्रके वाचण्याची मला जुनी सवय आहे, आणि त्यांतील बहुतेक एकाच साच्यातली असतात. चटईक्षेत्र किती, मजले किती, लिफ्ट किती, वाहनतळावर किती गाड्या मावतात, मुख्य रस्ता किती अंतरावर आहे, आणि शेवटी सध्याचे भाडे व अपेक्षित किंमत. ही माहिती आवश्यक असते आणि बहुधा खरीही असते. पण मागितलेली किंमत रास्त आहे की नाही हे तिच्यावरून ठरवता येत नाही, कारण त्या किमतीचे खरे कारण इमारतीच्या आवारात सापडत नाही. त्या प्रदेशात कोणते उद्योग चालतात, ते आपला माल किंवा सेवा कोणाला विकतात, त्यांची उलाढाल वाढते आहे की आक्रसते आहे आणि पुढची दहा वर्षे तेथे जागा भाड्याने घेणारे कोण असतील, यांवर ती किंमत उभी असते. माहितीपत्रकात या विषयाला जेमतेम एक परिच्छेद मिळतो, आणि तोही ‘झपाट्याने विकसित होणारा परिसर’ अशा थाटाचा.

राहत्या घराचा खरेदीदार स्वतः तेथे राहणार असतो, त्यामुळे त्याची आवड, सोय आणि भावना किमतीत उतरतात. दुकानगाळे, कार्यालयांचे मजले किंवा गोदाम विकत घेणारा गुंतवणूकदार मात्र अनेकदा त्या जागेत एक दिवसही बसणार नसतो. तो भविष्यात येणारे भाडे विकत घेत असतो. भाडे देणारा व्यावसायिक ते आपल्या मिळकतीतून देतो, आणि त्याची मिळकत त्या प्रदेशातील व्यवहारांवर ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये धान्य महाग का आहे यावर वाद चालला होता. जमीनमालक जास्त खंड घेतात म्हणून धान्य महाग झाले, असे अनेकांचे म्हणणे होते. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये नेमके उलट मांडले: धान्य महाग आहे म्हणून जमिनीला जास्त खंड मिळतो. दोनशे वर्षे उलटली तरी कार्यालयांच्या आणि दुकानांच्या भाड्याला हाच न्याय लागू आहे. जागा महाग असल्यामुळे परिसर संपन्न होत नाही. तेथे व्यवसाय करून चांगले पैसे मिळतात, म्हणून जागेला भाव येतो, आणि ते पैसे मिळेनासे झाले की संगमरवरी प्रवेशद्वारही भाव टिकवू शकत नाही.

हे किमतीत कसे उतरते, ते आकड्यांत पाहिलेले बरे. समजा, एका इमारतीतून देखभाल, विमा, कर वगैरे खर्च वजा जाता वर्षाला १०० इतके उत्पन्न मिळते आणि अशा जागेवर खरेदीदार ८ टक्के परतावा मागत आहेत. मग किंमत होते १,२५०. या ८ टक्क्यांना या व्यवसायात कॅप रेट म्हणतात, आणि माझ्या अनुभवात त्याच्याइतका वापरला जाणारा आणि त्याच्याइतका कमी तपासला जाणारा दुसरा आकडा नाही. खरेदीदाराला एकूण ११ टक्के परतावा हवा असेल आणि भाडे दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत जाईल असा त्याचा अंदाज असेल, तर आज ८ टक्के मिळाले तरी त्याचे भागते. उरलेले वाढीतून मिळतील, असा त्याचा हिशेब असतो. आता त्या प्रदेशातील मुख्य उद्योगाविषयी शंका उत्पन्न झाली आणि वाढीचा अंदाज ३ वरून १ टक्क्यावर आला, तर तोच खरेदीदार आज १० टक्के मागू लागतो आणि किंमत १,००० वर येते. एकही भाडेकरू गेलेला नाही, भाडे एका पैशानेही उतरलेले नाही, तरी इमारतीच्या किमतीचा पाचवा हिस्सा नाहीसा झाला. त्यानंतर खरोखरच दोन-तीन भाडेकरू गेले आणि उत्पन्न ९० झाले, तर किंमत ९०० होते. उत्पन्नातली घट १० टक्के, किमतीतली घट २८ टक्के. या मालकाने मूळ खरेदीच्या वेळी किमतीच्या ७० टक्के, म्हणजे ८७५ इतके कर्ज घेतले असेल आणि मुद्दल फेडायला अजून सुरुवात झाली नसेल, तर त्याने स्वतः घातलेल्या ३७५ पैकी आता २५ उरले. प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेला बसलेला लहानसा धक्का मालमत्तेच्या बाजारात एवढा मोठा होऊन येतो, आणि त्यासाठी कोणाच्याही घबराटीची गरज नसते. साधा भागाकार पुरेसा होतो.

व्याजदर आणि पतपुरवठा हाही एक घटक आहे, आणि तो प्रदेशाच्या हातात नसतो, हे नोंदवून पुढे जातो. जपानमध्ये १९९१ नंतरच्या सुमारे दीड दशकात सहा मोठ्या शहरांतील व्यापारी जमिनीचे भाव ८० टक्क्यांहून अधिक कोसळले. तेथील अर्थव्यवस्था मंदावली होती, पण एवढी आक्रसली नव्हती; आधीचे भावच भाड्यापासून तुटून कर्जाच्या आधारावर चढलेले होते. तरीही सर्वसाधारण काळात एका प्रदेशातील आणि दुसऱ्या प्रदेशातील सारख्या इमारतींच्या किमतींत जो फरक पडतो, तो व्याजदराने समजावून सांगता येत नाही, कारण व्याजदर दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो.

म्हणून कोणत्याही प्रदेशाविषयी मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: येथे बाहेरून पैसा कोण आणतो? प्रत्येक प्रदेशात दोन प्रकारचे व्यवसाय असतात. काही जण आपला माल किंवा सेवा प्रदेशाबाहेर विकतात आणि बाहेरचा पैसा आत आणतात; कारखाने, खाणी, बंदरे, मोठी विद्यापीठे, पर्यटन, सरकारी मुख्यालये, संगणक सेवा देणाऱ्या कंपन्या ही त्यांची उदाहरणे. बाकीचे, म्हणजे किराणा दुकानांपासून दंतवैद्यांपर्यंत सगळे, मुख्यत्वे तोच पैसा आपसांत फिरवतात. होमर हॉइट या अमेरिकी अभ्यासकाने १९३० च्या दशकात गृहकर्जांची जोखीम जोखण्यासाठी ही विभागणी पद्धतशीरपणे वापरात आणली, आणि तिच्यावर पुढे बरीच टीका झाली असली तरी खरेदीदाराला विचार करायला लावणारी तिच्यासारखी दुसरी सोपी रीत मला माहीत नाही. गजबजलेले व्यापारी संकुल पाहून प्रदेश भक्कम आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते ते यामुळेच: दुकानांतील गर्दी म्हणजे बाहेरून आलेल्या पैशाचा दुसरा किंवा तिसरा फेरा असतो, आणि पहिला फेरा थांबल्यानंतरही काही काळ तो चालू राहतो.

बाहेरचा पैसा आणणारा उद्योग ओळखण्यासाठी एक भागाकार कामी येतो. प्रदेशातील एकूण रोजगारात एखाद्या उद्योगाचा वाटा १२ टक्के असेल आणि देशभरात तोच वाटा ४ टक्के असेल, तर गुणोत्तर ३ येते. म्हणजे तो उद्योग स्थानिक गरजेपेक्षा कितीतरी अधिक उत्पादन करतो आणि ते बाहेर जात असणार. गुणोत्तर १ च्या आसपास असेल तर तो व्यवसाय स्थानिकांपुरता आहे. उद्योगवार रोजगाराची आकडेवारी बहुतेक देशांच्या सांख्यिकी विभागांकडून प्रसिद्ध होते, आणि हा हिशेब करायला एक चकचकीत माहितीपत्रक वाचण्याइतकाही वेळ लागत नाही. पण मोठे गुणोत्तर म्हणजे आनंदाची बातमी, असे मात्र नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात १९८२ मध्ये एकट्या कोडॅक कंपनीत सुमारे ६०,००० लोक काम करत होते. छायाचित्रणाची फिल्म जगाला पुरवणारे ते शहर होते. त्या वर्षी तेथील गुणोत्तर पाहून कोणीही भारावून गेले असते. जानेवारी २०१२ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. गुणोत्तर प्रदेशाचे बळ कोठे आहे ते सांगते, आणि त्याच वेळी तो कशावर विसंबून आहे तेही सांगते. दुसरा अर्थ वाचायला लोक विसरतात.

हे अवलंबित्व भाडेकरूंच्या यादीत सहसा दिसत नाही. एखाद्या इमारतीत सात भाडेकरू असतात आणि दलाल सांगतो की एकाही भाडेकरूकडून १५ टक्क्यांहून अधिक भाडे येत नाही, म्हणून धोका विभागलेला आहे. मग यादी वाचली की कळते: एक तेल उत्खनन करणारी कंपनी, एक तिला नळ आणि झडपा पुरवणारी, एक भूगर्भ सल्लागार, एक करारमदार पाहणारी वकिलांची संस्था, एक लेखापरीक्षकांची, एक तेलविहिरींना कर्ज देणाऱ्या बँकेची शाखा, आणि तळमजल्यावर या सगळ्यांना दुपारी जेवू घालणारे उपाहारगृह. नावे सात असली तरी पैशाचा उगम एकच. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टनमध्ये १९८० च्या दशकात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. कच्च्या तेलाचा भाव १९८५ च्या अखेरीस पिंपामागे ३० डॉलरच्या आसपास होता; १९८६ च्या मध्यापर्यंत तो १० ते १२ डॉलरच्या आसपास आला. आधीच्या तेजीत बांधलेल्या काचेच्या इमारती रिकाम्या पडल्या, इतक्या की त्यांच्या एका बाजूने पाहिले तर दुसऱ्या बाजूचे आकाश दिसे, असे लोक म्हणत. ज्या बँकांनी त्या इमारतींना कर्जे दिली होती, त्याच बँकांनी तेल कंपन्यांनाही दिली होती. टेक्सासमधील १० सर्वांत मोठ्या बँकसमूहांपैकी ९ त्या पडझडीत बुडाले किंवा दुसऱ्यांच्या हाती गेले. खरेदीदारासाठी याचा अर्थ फार व्यावहारिक आहे: ज्या दिवशी भाडेकरू जातो, त्याच दिवशी कर्जाचे नूतनीकरण करणारी बँकही मागे हटते आणि इमारत विकत घेऊ शकणारा स्थानिक धनिकही अडचणीत असतो, कारण तिघांचाही पैसा एकाच उगमातून आलेला असतो.

प्रदेश आणि इमारत यांचे घड्याळ एकसारखे चालत नाही, हा या विषयातला मला सर्वांत गुंतागुंतीचा वाटणारा भाग आहे. मोठी इमारत मनात आल्यापासून उभी राहीपर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात, आणि ती उभारण्याचा निर्णय नेहमी तेजीत होतो, कारण पैसा तेव्हाच मिळतो. एम्पायर स्टेट बिल्डिंगची घोषणा ऑगस्ट १९२९ मध्ये झाली, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. ती मे १९३१ मध्ये विक्रमी वेगाने पूर्ण होऊन खुली झाली, पण मंदीमुळे तिचा मोठा भाग कित्येक वर्षे रिकामाच राहिला. कॅनडातील कॅल्गरीची गोष्ट अलीकडची आहे. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल पिंपामागे १०० डॉलरच्या वर होते आणि शहराच्या मध्यभागी नवे मनोरे उभारले जात होते. २०१६ च्या आरंभी भाव ३० डॉलरच्या खाली गेला. तरीही तेजीच्या वर्षांत हाती घेतलेला, ५६ मजल्यांचा आणि शहरातील सर्वांत उंच असा ब्रुकफील्ड प्लेस हा मनोरा २०१७ मध्ये पूर्ण झालाच, कारण अर्धवट मनोरा सोडून देणे पूर्ण करण्यापेक्षा महाग पडते. तोवर मध्यवर्ती भागातील कार्यालयांच्या एकूण जागेपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जागा रिकामी होती. पुढे २०२१ मध्ये नगर प्रशासनाने रिकाम्या कार्यालयांचे घरांत रूपांतर करणाऱ्यांना अनुदान देण्याची योजना आणली, आणि २०३१ पर्यंत कार्यालयांची ६० लाख चौरस फूट जागा कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. मागणी काही महिन्यांत ओसरली; तिच्यासाठी बांधलेले छप्पर हटवायला दशकाहून अधिक काळ लागतो आहे.

दुसरे घड्याळ भाडेकरारांचे. कार्यालयांचे करार पाच, सात, दहा वर्षांचे असतात, त्यामुळे आज जे भाडे जमा होत आहे ते आजच्या अर्थव्यवस्थेचे नसून करारावर सही झाली त्या दिवशीच्या अर्थव्यवस्थेचे असते. उतरत्या प्रदेशात विक्रेता म्हणतो, ‘इमारत ९५ टक्के भरलेली आहे’, आणि ते खरे असते. पण त्यांतील निम्मे करार तेजीतल्या दराने झालेले आणि येत्या दोन वर्षांत संपणारे असतील, तर त्या उत्पन्नाला कॅप रेटने भागून काढलेली किंमत म्हणजे काल संपलेल्या परिस्थितीची किंमत. चढत्या प्रदेशात हेच उलट होते, आणि जुन्या स्वस्त करारांनी अडकलेली इमारत कागदावर दिसते त्यापेक्षा मौल्यवान निघते. चांगले सौदे मला बहुधा या दुसऱ्या प्रकारात दिसले आहेत, आणि तिथे विक्रेता बहुतेक वेळा आपल्याच प्रदेशाविषयी साशंक असलेला जुना मालक असतो.

मात्र प्रदेश वाढतो आहे म्हणून भाडेही वाढेल, हे गृहीत धरणे ही मला सर्वांत महागडी समजूत वाटते. वाढ भाड्यात उतरेल की नव्या इमारतींत, हे जमिनीच्या आणि परवानग्यांच्या उपलब्धतेवर ठरते. चहूकडे सपाट मोकळी जमीन आहे, नियम सैल आहेत, रस्ते पसरत आहेत, अशा ठिकाणी मागणी वाढली की भाडे थोडे चढते, चढलेले भाडे पाहून बांधकाम सुरू होते, आणि नवा पुरवठा येऊन भाडे पुन्हा बांधकाम खर्च भरून निघेल एवढ्या पातळीवर बसते. गोदामांच्या बाबतीत तर हे चक्र विलक्षण वेगाने फिरते, कारण पोलादी सांगाड्याचे मोठे गोदाम वर्षभरात उभे राहू शकते. अशा प्रदेशाची लोकसंख्या आणि उत्पन्न जोमाने वाढत असतानाही दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीचे भाडे महागाईइतकेसुद्धा वाढत नाही, कारण भाडेकरू पलीकडच्या नव्या इमारतीत जाऊ शकतो आणि जातोही. याउलट समुद्र, डोंगर, जुन्या वास्तूंचे संरक्षण किंवा उंचीवरील बंधने यांनी वेढलेल्या ठिकाणी मध्यम गतीची वाढही भाड्यात पुरेपूर उतरते, आणि मंदी आली की उतारही तितकाच तीव्र असतो. तेव्हा वाढीचा दर विचारल्याबरोबर मी दुसरा प्रश्न विचारतो: अशीच इमारत आज शेजारी नव्याने बांधायला किती खर्च येईल? मागितलेली किंमत त्या खर्चापेक्षा बरीच जास्त असेल आणि शेजारी मोकळी जमीन असेल, तर आपला स्पर्धक अजून जन्मलेला नाही एवढेच.

जागेच्या प्रकारानुसार प्रदेशाचा प्रभाव कमीअधिक वेळाने जाणवतो. हॉटेलच्या खोलीचे भाडे रोज नव्याने ठरते, त्यामुळे मंदीची पहिली वर्दी तिथे मिळते. दुकानांचे उत्पन्न स्थानिक पगारांवर, कार्यालयांचे टेबलावर बसून काम करणाऱ्यांच्या संख्येवर. कारखान्याची जागा एकाच कामासाठी घडवलेली असली तर प्रदेश सावरला तरी तिला दुसरा भाडेकरू मिळेलच असे नाही. गोदामाचे मात्र वेगळे: त्याचे नशीब स्थानिक ग्राहकापेक्षा त्या प्रदेशातून वाहणाऱ्या मालाशी बांधलेले असते. अमेरिकेतील मेम्फिस येथून फेडेक्स या कुरियर कंपनीने १९७३ मध्ये रात्रीची विमाने सुरू केली, आणि पुढे त्या शहराभोवती गोदामांचा मोठा पसारा उभा राहिला, कारण तेथून संध्याकाळी उशिरा निघालेला माल दुसऱ्या सकाळी देशभर पोहोचवता येई. तेथील गोदाम विकत घेणाऱ्याने मेम्फिसच्या दरडोई उत्पन्नाचा अभ्यास करण्यात फारसे हशील नाही. विमानतळावरील रात्रीची वाहतूक पाहावी.

प्रदेशाची खरी प्रकृती विक्रीच्या कागदांतून कशी ओळखावी, याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. प्रदेश मंदावला की मालक भाडे उतरवत नाहीत. ते सवलती वाढवतात. पाच वर्षांचा करार दरमहा १०० दराने केला, पण पहिले सहा महिने भाडे माफ केले, तर ६० महिन्यांत मिळतात ५,४००, म्हणजे खरे भाडे ९०. शिवाय भाडेकरूच्या अंतर्गत सजावटीचा खर्च मालकाने उचलला असेल, तर ते आणखी खाली जाते. करारात मात्र १०० हाच आकडा राहतो, आणि तोच किमतीच्या हिशेबात येतो. विक्रीच्या वर्षभर आधी एकाएकी चांगल्या दराने झालेले नवे करार दिसले, की माफीचे महिने आणि मालकाने केलेला खर्च मी आधी मागून घेतो. दुसरी खूण पोटभाड्याच्या जागेची. कंपनीचा करार चालू असतो म्हणून जागा भरलेली धरली जाते, पण ती कंपनी अर्धा मजला दुसऱ्याला पोटभाड्याने द्यायला निघालेली असते. परिसरात अशा जागांच्या जाहिराती वाढू लागल्या की रिकाम्या जागांचे अधिकृत आकडे वाढायला फार वेळ उरलेला नसतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२० मध्ये हेच दिसले: तंत्रज्ञान कंपन्यांनी आधी पोटभाड्याला जागा काढल्या, आणि करार संपत गेले तशी २०१९ मध्ये एक आकडी असलेली रिकाम्या कार्यालयांची टक्केवारी २०२३ पर्यंत ३० च्या पुढे गेली. तेव्हा तेथील काही इमारती पूर्वीच्या मूल्यांकनाच्या निम्म्याहूनही कमी किमतीला विकल्या गेल्या.

तिसरी खूण म्हणजे व्यवहारांची संख्या. उतरणीच्या आरंभी किमती पडत नाहीत, व्यवहार थांबतात. विक्रेता गेल्या वर्षीचा भाव धरून बसतो, खरेदीदार पुढच्या वर्षीचा भाव देऊ करतो, आणि मधल्या काळात मूल्यांकन करणारा जुन्या व्यवहारांच्या आधारे किंमत लिहीत राहतो. ‘या भागात भाव स्थिर आहेत’ असे कोणी म्हटले, तर गेल्या सहा महिन्यांत किती व्यवहार झाले ते विचारावे. शून्य व्यवहारांवर आधारलेली स्थिरता कोणालाही दाखवता येते.

आणि विक्रेता का विकतो आहे? वारसांमधील वाटणी, कर्जाची मुदत संपणे, मालक असलेल्या गुंतवणूक निधीची ठरलेली मुदत संपणे ही कारणे प्रदेशाविषयी काही सांगत नाहीत, आणि त्यांतून रास्त सौदे निघतात. प्रदेशाच्या मुख्य कंपनीने स्वतःचे मुख्यालय विकून ते लगेच भाड्याने परत घेणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे. इथे भाडे विक्रेताच ठरवतो, आणि भाडे जितके जास्त लिहाल तितकी विक्रीची किंमत जास्त मिळते. खरेदीदाराला वाटते आपण इमारत घेतली. प्रत्यक्षात त्याने त्या कंपनीला दीर्घ मुदतीचे कर्ज दिलेले असते आणि इमारत तारण असते. ते तारण किती मोलाचे, हे त्या कंपनीशिवाय उरलेल्या प्रदेशावरून ठरते, आणि कंपनी जितकी मोठी तितका उरलेला प्रदेश लहान.

मग उतरलेल्या प्रदेशातील स्वस्त इमारतींकडे पाहूच नये का? मी तसे मानत नाही, पण दोन इमारती शेजारी ठेवून पाहतो. अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटार उद्योगाच्या शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये सव्वासात लाखांच्या खाली आली, आणि जुलै २०१३ मध्ये नगरपालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली. तेथील मिशिगन सेंट्रल हे भव्य रेल्वेस्थानक १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटल्यानंतर रिकामे पडले. ते २०१८ मध्ये फोर्डने विकत घेतले आणि दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये खुले झाले. मधल्या ३० वर्षांत ती वास्तू कितीही स्वस्तात मिळाली असती, तरी पहारा, विमा, गळती आणि मालमत्ता कर यांनी ती महागच पडली असती. करदाते कमी होत गेलेल्या शहरात उरलेल्यांवरचा करभार सहसा जड होतो, हेही त्यात धरायला हवे. दुसरी इमारत पिट्सबर्गमधील ६४ मजली यू. एस. स्टील टॉवर. १९७० च्या सुमारास ती पोलाद उद्योगाच्या वैभवात उभी राहिली, आणि नंतरच्या दशकात तो उद्योग त्या प्रदेशात ढासळला. पण तेथे विद्यापीठे आणि त्यांच्याशी जोडलेली रुग्णालये होती. आज त्या मनोऱ्यातील सर्वांत मोठा भाडेकरू विद्यापीठाशी संलग्न असा रुग्णालय समूह आहे, आणि २००८ पासून त्याचीच अक्षरे इमारतीच्या माथ्यावर झळकतात.

या दोन वास्तूंमध्ये बांधकामाचा दर्जा हा निर्णायक फरक नव्हता. पिट्सबर्गमध्ये जुना उद्योग ढासळत असतानाच बाहेरून पैसा आणणारा दुसरा उगम आधीपासून वाढत होता, आणि कार्यालयाचा साधा मजला पोलादाच्या हिशेबनिसांना चालतो तसा रुग्णालयाच्या हिशेबनिसांनाही चालतो. त्यामुळे स्वस्त इमारतीविषयी मी दोन गोष्टी तपासतो. मुख्य उद्योग वगळून उरलेल्या रोजगाराची गेल्या पाच-सात वर्षांची आकडेवारी चढती आहे का, आणि फार मोडतोड न करता ती जागा दुसऱ्या व्यवसायाला वापरता येईल का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर रिकामी इमारत किती वर्षे स्वतःच्या खिशातून सांभाळता येईल हा पुढचा हिशेब. लंडनच्या कॅनरी वॉर्फ या कार्यालयांच्या परिसरात पहिल्या विकासकाला तोच नडला: मनोरा १९९१ मध्ये तयार झाला, कंपनी १९९२ मध्ये कोसळली, आणि त्या भागाला शहराशी घट्ट जोडणारा ज्युबिली या भुयारी रेल्वेमार्गाचा विस्तार १९९९ मध्ये आला. परिसराविषयीचा त्याचा अंदाज बरोबर निघाला, पण तोवर इमारती धनकोंच्या ताब्यात गेल्या होत्या.